खोदण्याआधी जमिनीखालचे ओळखणे : कामगारांना काय आणि कसे शिकवावे

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यातील छोटे कंत्राटदार आहेत. ऑप्टिकल फायबरच्या डक्टसाठी रस्त्याकडेने चर खोदण्याचे काम ते करतात. दोन जेसीबी आणि तीस-पस्तीस मजूर त्यांच्याकडे आहेत. त्यांनी केबल लोकेटर (जमिनीखालच्या केबल शोधणारे हातातले यंत्र) विकत घेतला, विक्रेत्याच्या माणसाने एक दिवस प्रात्यक्षिक दाखवले. तरीही गेल्या महिन्यात दुपारी लोकेटर फिरवून ‘इथे काही नाही’ असे ठरवलेल्या जागी रात्री खोदताना पथदिव्यांची केबल तुटली आणि एका मजुराचे हात भाजले. यंत्र सदोष आहे का, आणि नसेल तर माणसांना नेमके काय शिकवायचे, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचे यंत्र बहुधा ठीक असावे. पथदिव्यांची केबल दिवसा फिडर पिलरमधूनच, म्हणजे तिला वीज देणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीतूनच, बंद केलेली असते. तिच्यातून प्रवाह वाहत नाही, आणि लोकेटरचा ‘पॉवर’ मोड वाहत्या प्रवाहाभोवती तयार होणारे चुंबकीय क्षेत्रच तेवढे पकडतो. दुपारी त्या केबलवर लोकेटर धरला तरी तो गप्पच राहणार. शहरात खोदकामाची परवानगी पुष्कळदा रात्रीची मिळते, त्यामुळे तपासणी दुपारी आणि खोदकाम रात्री असा प्रकार सर्रास घडतो. मधल्या वेळात दिवे लागतात, आणि दुपारी ‘नसलेली’ केबल रात्री २३० व्होल्टने भारित होऊन पहारीची वाट पाहत असते. तुमच्या माणसाने लोकेटर अगदी बरोबर फिरवला असेल. फक्त त्या शांततेचा अर्थ काय घ्यायचा हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

गेली बावीस वर्षे मी भूमिगत वाहिन्या शोधण्याचे आणि ते काम इतरांना शिकवण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की यंत्राचा आवाज ओळखायला माणूस अर्ध्या तासात शिकतो. यंत्र गप्प असताना काय करायचे हे शिकायला मात्र दिवस लागतात, आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग तिथेच खर्च झाला पाहिजे. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक याच ठिकाणी तोकडे पडते, कारण यंत्र बोलते तेव्हा किती छान बोलते हे दाखवण्यासाठीच ते बेतलेले असते.

म्हणून माझा पहिला धडा वर्गात होत नाही. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी मी पथदिव्यांच्या रांगेखाली सगळ्यांना उभे करतो. दोन खांबांमधल्या पदपथावर एकाला लोकेटर पॉवर मोडवर ठेवून हळूहळू फिरवायला सांगतो. आवाज येत नाही. ‘इथे खोदायला हरकत आहे का?’ असे विचारले की बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. तो जिथून चालला तिथे पदपथावर खडूने रेघ मारून ठेवतो आणि आम्ही चहा घेतो. दिवे लागले की त्याच माणसाने त्याच रेघेवरून पुन्हा चालायचे. या वेळी एका ठिकाणी लोकेटर ओरडायला लागतो, चालणारा आपोआप थबकतो, मागे सरतो, पुन्हा पुढे येतो. मग मी काही बोलत नाही. मघाशी ‘हरकत नाही’ म्हणालेला माणूस रेघेकडे पाहत राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा तिथेच जातो आणि ट्रान्समीटर (केबलवर सिग्नल चढवणारे जोडयंत्र) लावून, दिवे बंद असतानाच, तीच केबल शोधून काढतो. हे तीन प्रसंग लागोपाठ पाहिलेला मजूर मोडचा अर्थ विसरत नाही. फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी एवढे साधत नाही.

यानंतर मोड समजावून द्यावेत, आणि प्रत्येक मोड काय पकडत नाही ते आधी सांगावे. पॉवर मोडला विजेचा भार नसलेली केबल दिसत नाही. पर्यायी मार्ग म्हणून चार्ज करून ठेवलेल्या, पण ग्राहकांचा भार नसलेल्या उच्चदाब केबलचा आवाज फार क्षीण असतो किंवा येतच नाही, आणि तरीही तिच्यात पूर्ण दाब असतो. तिन्ही फेजवर भार सारखा विभागलेल्या केबलमध्येही चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बरीचशी मारून टाकतात. म्हणजे घराला वीज देणारी लहान केबल मोठ्याने ओरडते आणि तिच्या शेजारची जीवघेणी उच्चदाब केबल कुजबुजते, असे प्रत्यक्षात होते. आवाज जितका मोठा तितका धोका मोठा, हा समज मजुरांमध्ये पटकन रुजतो; तो पहिल्याच दिवशी मोडून काढावा लागतो.

रेडिओ मोड दूरच्या प्रक्षेपण केंद्रांच्या लहरी जमिनीतल्या लांब धातूच्या वाहिनीवर उमटतात त्या ऐकतो. त्यामुळे बंद केबल किंवा लोखंडी पाइपही कधी कधी सापडतो, पण लहान तुकडा सापडेलच असे नाही. तिसरा मोड ट्रान्समीटरचा. तुमच्या पेटीत ट्रान्समीटर असेल आणि तो अजून प्लास्टिकच्या वेष्टनात असेल, तर त्यात आश्चर्य नाही. मी अनेक कंत्राटदारांच्या गाडीत तो तसाच पाहिला आहे. सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. तो आपला स्वतःचा सिग्नल, साधारणपणे ८ किंवा ३३ किलोहर्ट्झचा, वाहिनीवर चढवतो आणि लोकेटर तोच सिग्नल शोधतो. वाहिनीत वीज असो वा नसो. सिग्नल चढवण्याचे तीन मार्ग आहेत. वाहिनीच्या उघड्या धातूला थेट जोडणी करता येते, केबलभोवती क्लॅम्प अडकवता येतो, किंवा ट्रान्समीटर नुसता जमिनीवर ठेवून दुरून सिग्नल उतरवता येतो. यातली थेट जोडणी आणि पिलर उघडून क्लॅम्प लावणे हे त्या केबलच्या मालकाच्या अधिकृत माणसाचेच काम आहे. तुमच्या मजुराने पिलरच्या दाराला हातही लावू नये, हे प्रशिक्षणात दहा वेळा सांगितले तरी थोडेच होईल. पाण्याच्या व्हॉल्व्हला किंवा लोखंडी पाइपला जोडणी करण्यात मात्र तो धोका नसतो, आणि सरावासाठी ती उत्तम.

जमिनीवर ठेवून सिग्नल उतरवताना दोन चुका हमखास होतात. पहिली दिशेची. ट्रान्समीटर केबलच्या रेषेत ठेवला तरच सिग्नल नीट उतरतो. आडवा ठेवला तर ती केबल गप्प राहते. केबल कुठल्या दिशेने जाते हे आधी माहीत नसते, म्हणून एका जागी दोनदा, काटकोनात फिरवून, तपासणी करावीच लागते. दुसरी चूक घाईची. लोकेटर ट्रान्समीटरच्या फार जवळ नेला तर तो हवेतून थेट त्यालाच ऐकतो आणि सगळी जमीन केबलने भरल्यासारखी वाटते. मग माणूस वैतागून संवेदनशीलता कमी करतो आणि खरी केबलही गायब होते. शिवाय ३३ किलोहर्ट्झचा सिग्नल शेजारच्या वाहिनीवर सहज उडी मारतो. जोडणी एका पाइपला आणि आवाज दुसऱ्याच केबलवर, असे सरावात मुद्दाम घडवून दाखवावे, म्हणजे ‘सापडली’ म्हणण्याआधी माणूस दोनदा विचार करील.

लोकेटर धरण्याची पद्धत शिकवताना कामगाराच्या हाताकडे पाहत राहावे. नवा माणूस तो विळ्यासारखा हलवतो. टोक बाजूला उचलले गेले की सर्वांत मोठा आवाज केबलच्या डोक्यावर न येता बाजूला येतो, आणि खूण हातभर सरकते. पाते उभे, जमिनीला जवळजवळ टेकलेले, चाल सावकाश. आवाज मोठा झाला की संवेदनशीलता कमी करत करत नेमकी जागा धरायची, मग यंत्र जागच्या जागी गोल फिरवून केबलची दिशा पाहायची, आणि त्या दिशेने दोन्ही बाजूंना माग काढत जायचे. एका बिंदूवर खूण करून थांबणारा माणूस अजून शिकलेला नाही. चराच्या संपूर्ण पट्ट्यावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, आधी लांबीच्या दिशेने आणि मग आडव्या रेषांनी चालायचे, कारण चराला समांतर जाणारी केबल आणि चराला छेदून जाणारी केबल एकाच दिशेने चालून सापडत नाहीत.

पडद्यावर येणाऱ्या खोलीच्या आकड्याबद्दल माझे मत कठोर आहे. मजुराला तो आकडा सांगूच नये. वळणावर, फाट्यावर, जॉइंटपाशी, किंवा दोन केबल शेजारी असतील तिथे तो आकडा चुकतो, आणि ‘एक मीटरवर आहे’ असे कानावर पडले की पहिले पाऊण मीटर जेसीबीने काढण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. आयएस १२५५ या भारतीय मानकात केबलच्या किमान खोल्या दिलेल्या आहेत : लघुदाब केबलसाठी ०.७५ मीटर, ३.३ ते ११ किलोव्होल्टसाठी ०.९० मीटर, २२ आणि ३३ किलोव्होल्टसाठी १.०५ मीटर. हे आकडे केबल टाकली त्या दिवसाचे आहेत. त्यानंतर रस्ता खरवडला गेला, उतार बदलला, पदपथ खाली घेतला, कोणीतरी नाल्यावरून केबल उचलून नेली, तर तीच २२ किलोव्होल्टची केबल वीतभर खालीही मिळते. मी स्वतः अशा केबल नुसत्या पेव्हर ब्लॉकखाली पाहिल्या आहेत.

आता यंत्राला मुळीच न दिसणाऱ्या गोष्टी. गॅसचा पिवळा एमडीपीई प्लास्टिकचा पाइप, पाण्याचा एचडीपीई किंवा पीव्हीसी प्लास्टिकचा पाइप, सिमेंटचा ह्यूम पाइप, धातूचा तार नसलेली ऑप्टिकल फायबर केबल आणि तिचा ४० मिलिमीटरचा डक्ट, यांपैकी एकही लोकेटरला कळत नाही. पाइपबरोबर शोधतार, म्हणजे यंत्राला सापडावी अशी धातूची तार, टाकलेली असेल आणि ती तुटलेली नसेल तरच तो सापडतो. रिकाम्या डक्टमध्ये सळईच्या टोकाला छोटा प्रक्षेपक (इंग्रजीत ‘sonde’) बांधून सरकवता येतो आणि वरून त्याचा माग काढता येतो. जीपीआर, म्हणजे जमिनीत लहरी सोडून परावर्तन पाहणारे रडार, प्लास्टिकही दाखवू शकते. पण ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात, आणि आपली काळी माती पावसाळ्यानंतर कित्येक महिने ओल धरून असते. कोरड्या मुरमात जे जीपीआर दीड मीटर खालचे दाखवते, तेच काळ्या मातीत अर्ध्या मीटरनंतर मुके होऊ शकते. शिवाय त्याचे चित्र वाचायला वेगळा तयार माणूस लागतो. तुमच्या आकाराच्या कंत्राटदाराने जीपीआर विकत घेऊ नये. गुंतागुंतीच्या चौकासाठी जाणकार संस्थेकडून तेवढ्यापुरते काम करून घ्यावे, आणि तो पैसा सराव-मैदानावर घालावा.

मैदान फार मोठे लागत नाही. तुमच्या यार्डात वीस मीटर लांब आणि आठ-दहा मीटर रुंद जागा पुरे. तीत वेगवेगळ्या खोलीवर आर्मर्ड केबलचा एक लांब तुकडा, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, शोधतारेसह एक एमडीपीई पाइप आणि तारेविना दुसरा, एक रिकामा डक्ट, आणि एक ह्यूम पाइप पुरावा. दोन वस्तू एकमेकींपासून हातभर अंतरावर मुद्दाम टाकाव्यात. एका केबलला वळण द्यावे. पुरलेल्याचा नकाशा काढून कुलुपात ठेवावा, आणि दुसरा एक नकाशा मुद्दाम चुकीचा करून प्रशिक्षणार्थींच्या हाती द्यावा, कारण कामावर त्यांना मिळणार आहे तो नकाशाही पुष्कळदा तसाच असेल. त्यांनी यंत्राने शोधावे, चुन्याने खुणा कराव्यात, आणि मग स्वतःच फावड्याने खोदून आपल्या खुणा पडताळाव्यात. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. खूण आणि केबल यांच्यामधले अंतर माणसाने स्वतः पट्टीने मोजले की त्याच्या हातात एक प्रकारची नम्रता येते.

नकाशांविषयी आणखी एक गोष्ट. जुन्या नकाशांवर केबलचे अंतर रस्त्याच्या कडेपासून किंवा एखाद्या कुंपणापासून दिलेले असते. पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत रस्तारुंदीकरणात कडा सरकल्या, कुंपणे मागे गेली, आणि पूर्वी कडेला असलेली केबल आज गाडीमार्गाच्या मधोमध आहे. नकाशा हातात आला की ‘हे अंतर कुठल्या कडेपासूनचे?’ हा प्रश्न मुकादमाने विचारलाच पाहिजे. काय आहे हे नकाशा सांगतो. कुठे आहे ते जमिनीलाच विचारावे लागते. नकाशे मिळवण्याचे कामही प्रशिक्षणाचा भाग समजावे. दूरसंचार विभागाचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. त्यावर खोदकामाची जागा कळवली की तिथल्या वाहिन्यांच्या नोंदणीकृत मालकांना सूचना जाते. त्याच वर्षी जानेवारीत अधिसूचित झालेल्या नियमांनुसार खोदणाऱ्याने आधी कळवणे बंधनकारक आहे. तुमच्या कार्यालयातील कोणीतरी ते नियमाने भरावे. मात्र त्यात सगळेच मालक नोंदलेले असतील असे गृहीत धरू नये. महापालिकेचा पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभाग, विद्युत विभाग, महावितरण, शहरातील गॅस कंपनी यांच्याकडे पत्र देऊन त्यांचा माणूस जागेवर बोलवावा, आणि त्याच्या उपस्थितीत आखणी करावी.

मग येते जमीन वाचणे, आणि इथे तुमचे जुने मजूर तुम्हाला शिकवतील. आपल्याकडे चर खोदणारे पुष्कळसे लोक पिढ्यान् पिढ्या मातीचे काम करणारे आहेत; मराठवाड्यातून, उत्तर कर्नाटकातून, तेलंगणातून ते येतात. पहारीचा आवाज बदलला की खाली काय आले हे त्यांना कळते. भरलेली माती आणि मूळ मुरूम यांतला फरक त्यांना हाताने कळतो. एका कामावर नकाशातही काही नव्हते आणि लोकेटरलाही काही सापडले नव्हते. साठीच्या आसपासच्या एका मजुराने फावडे थांबवून ओंजळीत माती घेतली आणि ती मला दाखवली. मुरमात बारीक वाळू मिसळलेली होती. ‘साहेब, ही वाळू इथली नाही, कोणीतरी आणून टाकलीय,’ एवढेच तो म्हणाला. आणखी वीतभर हाताने उकरल्यावर विटांची ओळ लागली आणि तिच्याखाली बिनभाराची उच्चदाब केबल. वाळू, आडव्या विटा, लाल किंवा पिवळी इशारा-पट्टी, अर्धगोल कापलेला सिमेंटचा पाइप, यांपैकी काहीही दिसले की सगळ्यांचे हात थांबलेच पाहिजेत. अशा माणसाला प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसवू नका. त्याला बोलते करा.

वरच्या खुणाही तितक्याच बोलक्या असतात. चेंबरची झाकणे, व्हॉल्व्हचे डबे, इमारतीच्या भिंतीवरचे गॅसमीटर, विजेचे मिनी पिलर, डांबरावरचे लांबट ठिगळ, खचलेला पट्टा, हे सगळे कागदावर आखायला लावावे. यात मी हिशेबाचा धडा देतो. फिडर पिलरचे दार अधिकृत माणसाने उघडले की त्यातल्या केबल मोजायच्या. पिलरमध्ये पाच केबल असतील आणि जमिनीवर आपल्या खुणा चारच निघाल्या असतील, तर पाचवी कुठे गेली हे कळल्याशिवाय चर सुरू होणार नाही. इमारतीला गॅसमीटर आहेत, म्हणजे रस्त्यातून आत येणारा पाइप आहेच. लोकेटरला तो दिसत नसला तरी तो चराला कुठेतरी छेदणारच. हा हिशेब अक्षरओळख नसलेला मजूरही उत्तम करतो, कारण घमेली मोजण्याची सवय त्याला आहेच. मिळाले किती आणि असायला हवे किती, या दोन आकड्यांची तुलना हाच माझ्या दृष्टीने या साऱ्या कामाचा गाभा आहे.

एवढे झाल्यावरही यंत्राची खूण म्हणजे अंदाजच असतो. खात्री चाचणी खड्ड्यातच होते. तो हाताने खणायचा. ब्रिटनमधील आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेच्या एचएसजी ४७ या मार्गदर्शिकेत केबलच्या दाखवलेल्या रेषेपासून ५०० मिलिमीटरच्या आत यांत्रिक हत्यार वापरू नये असे सांगितले आहे, आणि तेवढे अंतर आपल्याकडेही कसोशीने पाळावे. खणणे रेषेच्या बाजूला सुरू करावे आणि आडवे आत सरकावे. रेषेवर वरून पहार मारू नये. वरचा डांबर-काँक्रीटचा थर फुटला की पहार आणि कुदळ खड्ड्याबाहेर ठेवायची, आणि पुढे इन्सुलेटेड दांड्याचे, गोलसर धारेचे फावडे वापरायचे. खड्ड्याच्या तळाशी लोकेटर पुन्हा धरायचा, कारण जवळ गेल्यावर आधी न ऐकू आलेली गोष्ट ऐकू येते. केबलभोवती काँक्रीट सापडले तर ते मालकाच्या माणसाशिवाय फोडायचे नाही. उघडी पडलेली केबल पायरी म्हणून वापरायची नाही, तिला दोर बांधून बाजूला ओढायची नाही. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल गेला तर कडा आधाराशिवाय सोडायच्या नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

जेसीबी चालकाचे प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी राहून जाते, कारण तो भाड्याच्या मशीनबरोबर येतो आणि ‘आपला’ नसतो. खरे म्हणजे सर्वांत मोठे नुकसान त्याच्या हातून होते. त्याच्यासाठी नियम एकच ठेवावा : समोर खुणा पाहणारा एक माणूस उभा असल्याशिवाय बकेट जमिनीत जाणार नाही, आणि त्या माणसाने हात वर केला की बकेट जागच्या जागी थांबेल. हात वर करणाऱ्याला नंतर कोणी रागावणार नाही, ही हमी मालकाने सगळ्यांसमोर द्यावी.

अपघात झालाच तर काय करायचे, याचा सराव अंगवळणी पडेपर्यंत घ्यावा. केबलला पहार लागून भडका उडाला, तर माणसाला किंवा पहारीला हात लावायचा नाही, सगळ्यांना दूर करायचे आणि वीज कंपनीला कळवायचे. केबल ‘गेली’ असे समजायचे नाही; उपकेंद्रात फिडर ट्रिप झाल्यावर, म्हणजे त्या केबलचा पुरवठा आपोआप तुटल्यावर, चाचणीसाठी तो पुन्हा चार्ज केला जातो, आणि त्याच क्षणी खड्ड्यात वाकून पाहणारा माणूस भाजतो. जेसीबीचा बकेट केबलला लागला असेल तर चालकाने केबिनमध्येच थांबावे. आग लागली म्हणून उतरावेच लागले, तर जमीन आणि मशीन यांना एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जुळवून लांब उडी घ्यावी. गॅसचा पाइप फुटला तर विडी, मोबाइल, मशीनचा स्टार्टर, काहीही नको. वाऱ्याच्या उलट दिशेने लोकांना हलवायचे आणि गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकाला व अग्निशमन दलाला फोन लांब जाऊन करायचा. फुटलेल्या जागी माती टाकून किंवा पोते कोंबून गळती ‘बंद’ करण्याची मजुरांची स्वाभाविक प्रवृत्ती असते. ती घातक आहे, कारण वर येण्याची वाट बुजली की गॅस डक्टमधून आणि गटारातून शेजारच्या घरांत शिरतो, आणि मातीतून जाताना त्यात मिसळलेला वासही कमी होऊ शकतो. हवेत नैसर्गिक वायूचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांदरम्यान असेल तर ठिणगी पुरते.

आता जी गोष्ट कोणत्याही यंत्राहून मला जास्त महत्त्वाची वाटते, ती सांगतो. ३० जुलै २००४ रोजी बेल्जियममधील गिलेंगियाँ येथे उच्चदाबाच्या गॅसवाहिनीचा स्फोट होऊन २४ माणसे मेली. ती वाहिनी त्या दिवशी कोणी फोडली नव्हती. आधीच्या काळात बांधकामाच्या मशीनने तिला ओरखडे पडून तिची जाडी कमी झाली होती, आणि पुढे दाब वाढल्यावर ती त्या जागी फाटली. अमेरिकेत बेलिंगहॅम येथे १० जून १९९९ रोजी पेट्रोलवाहिनी फुटून तीन मुले मेली. तिथेही काही वर्षांपूर्वीच्या खोदकामाचे ओरखडे वाहिनीवर होते. आपल्या कामांवर हे रोज लहान प्रमाणात घडते. बकेटचा दात पाइपला घासतो, केबलचे बाहेरचे आवरण सोलले जाते, वर पटकन माती लोटली जाते, आणि पावसाळ्यात पाणी आत शिरून केबल उडते. माणसे हे का लपवतात ते सर्वांना ठाऊक आहे. केबल तुटली की हजेरी कापली जाते, मुकादम शिव्या घालतो, चालकाच्या पगारातून रक्कम वळती होते. तुमच्याकडे अशी कपात असेल, तर ती बंद केल्याशिवाय वरचे सगळे प्रशिक्षण वाया जाईल, असे मी स्पष्टपणे सांगतो. ओरखडा स्वतःहून सांगणाऱ्याला त्या दिवशी सर्वांसमोर शाबासकी द्यावी. शक्य असल्यास शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवावेत. एका उच्चदाब जॉइंटच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही.

भाषेचाही विचार करावा. तुमच्या तुकडीत कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारे असतील. ‘सिग्नल’, ‘फ्रिक्वेन्सी’ हे शब्द सांगत बसण्यापेक्षा त्यांनी स्वतः जे शब्द वापरले ते उचलावेत. आमच्या एका तुकडीने ट्रान्समीटरला ‘हाक मारणारा’ आणि लोकेटरला ‘ऐकणारा’ म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे ‘हाक मारल्याशिवाय ऐकू येत नाही’ हे त्यांना न शिकवता कळले. परीक्षा लेखी घेऊ नये. मैदानावर, आणि नंतर खऱ्या रस्त्यावर, न सांगता उभे राहून पाहावे : सकाळी यंत्र एखाद्या माहीत असलेल्या केबलवर तपासून घेतले का, बॅटरी पाहिली का, खुणा पुसल्या गेल्यावर पुन्हा आखल्या का. चुन्याची खूण एका सरीत जाते, म्हणून तासाभराहून जास्त खंड पडल्यास पुन्हा तपासणी, आणि दुपारी तपासलेले रात्री खोदायचे असेल तर रात्री दिवे लागल्यावर पुन्हा तपासणी, हा नियम लिहून जेसीबीच्या केबिनमध्ये चिकटवावा. दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस मैदानावर यावे, आणि मजुरांची नवी टोळी आली की तिला मैदानावर नेल्याशिवाय रस्त्यावर उतरवू नये.

शेवटी पैशाचे. तुमचे मजूर आणि उपकंत्राटदार चराच्या धावत्या मीटरवर पैसे घेत असतील, तर तपासणीत आणि चाचणी खड्ड्यात गेलेला प्रत्येक तास त्यांच्या खिशातून जातो, आणि मग उत्तम शिकलेला माणूसही घाई करतो. पुढच्या कामाच्या दरपत्रकात शोध-तपासणी ही स्वतंत्र बाब आणि चाचणी खड्डा ही प्रति नग वेगळी बाब घालावी. मूळ कंपनी ती मान्य करीत नसेल तर निदान आपल्या माणसांना त्या वेळेची पूर्ण हजेरी द्यावी, आणि ज्या मजुराचे हात भाजले त्याला, तो बरा होऊन परत आल्यावर, खुणा पाहणाऱ्या माणसाच्या जागी उभे करता येईल का ते त्यालाच विचारावे.